शुश्रूषा आणि हृदय : औषध देणाऱ्या हातांसाठी काही मूलभूत विचार



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञानाच्या तासाला शब्दांच्या व्युत्पत्ती सांगत आणि मराठीच्या तासाला फळ्यावर यंत्रांच्या आकृत्या काढीत, असे त्यांचे विद्यार्थी आजही आठवणीने सांगतात. हृदयाचे कार्य आणि हृदयाची औषधे हा विषय संयोजकांनी माझ्यासारख्या मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेवर सोपवला, त्यामागे गुरुजींचीच ही परंपरा असावी. माझ्या नावाआधी 'डॉक्टर' ही उपाधी लागते खरी, पण ती साहित्यातली आहे. औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार तिच्यात नाही. तरीही हे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले. निवृत्तीनंतर काही वर्षे परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींचा एक लहानसा गट माझ्याकडे शब्दांचे अर्थ समजून घेण्यासाठी येत असे. त्यांची पुस्तके इंग्रजी. घरची भाषा कोणाची मराठी, कोणाची बुंदेली, कोणाची मल्याळम. आणि ज्याच्या उशाशी उभे राहायचे त्या रुग्णाची भाषा भोपाळची हिंदी. पाठांतर उत्तम होते, गुणही चांगले मिळत, पण "असे का?" हा प्रश्न आला की ती मुले थबकत. त्या 'का'ची उत्तरे शोधताना जे हाती लागले आणि जे जाणत्या वैद्यकांकडून मी तपासून घेतले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या अनेक मुली आज रुग्णालयांत काम करतात आणि या सभागृहात बसलेल्या आपणांपैकी बहुतेकांच्या घरी हृदयाची एखादी तरी गोळी रोज घेतली जाते, म्हणून विषय सर्वांचाच आहे.

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ

परिचारिकेच्या कामाला आपण शुश्रूषा म्हणतो. हा शब्द संस्कृतातील 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. पुढे गुरूचे ऐकणारा शिष्य त्याची सेवा करतो, या संबंधातून 'सेवा' हा अर्थ रूढ झाला. रुग्णसेवेला लागू केला असता हा मूळ अर्थ किती नेमका ठरतो पाहा. नाडी ऐकायची, छातीतील ठोके ऐकायचे, रुग्ण काय म्हणतो ते ऐकायचे आणि औषधाच्या नावातून काय ध्वनित होते तेही ऐकायचे.

डॉक्टर औषध लिहितो, औषधविक्रेता ते पुरवितो; पण ते प्रत्यक्ष रुग्णाच्या मुखात किंवा शिरेत जाते ते परिचारिकेच्या हातून. तिच्यानंतर त्या औषधाला अडविणारे कोणी उरत नाही. म्हणून योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच सूत्रे प्रत्येक विद्यार्थिनीकडून घोकून घेतली जातात. ही सूत्रे आवश्यकच आहेत. परंतु 'योग्य' म्हणजे काय हे ठरविण्यासाठी औषध आत जाऊन काय करणार आहे याची जाण लागते. आणि त्यासाठी आधी हृदय समजले पाहिजे.

आणणे, देणे, जाणे

बृहदारण्यक उपनिषदात 'हृदय' या शब्दाची तीन अक्षरांत फोड केली आहे : 'हृ' म्हणजे आणणे, 'द' म्हणजे देणे आणि 'य' म्हणजे जाणे. या फोडीवरून आपल्या पूर्वजांना रक्ताभिसरण ठाऊक होते, असा दावा काही उत्साही मंडळी करतात. तो मला मान्य नाही. ही एक आध्यात्मिक निरुक्ती आहे. रक्त शरीरात वर्तुळाकार फिरते हे प्रयोगांनी आणि हिशेबाने सिद्ध केले ते विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने, १६२८ साली. मात्र लक्षात ठेवण्याची खूण म्हणून ही तीन अक्षरे फार उपयोगी आहेत. हृदय रक्त आणते, रक्त देते आणि पुढे जाऊ देते. मागे येऊ देत नाही, कारण त्याच्या दारांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आहेत.

हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे आहेत. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोहोंना निलय म्हणतात. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी आणि निलय म्हणजे घर. पाहुणा आधी ओसरीवर येतो, मग घरात जातो. रक्तही तसेच आधी अलिंदात आणि मग निलयात येते. शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त उजव्या ओसरीतून उजव्या घरात येते आणि तेथून फुप्फुसांकडे ढकलले जाते. फुप्फुसांत प्राणवायू घेऊन ते डाव्या ओसरीत परतते आणि डावे निलय ते महाधमनीतून सर्व शरीराला पुरविते. विश्रांतीच्या स्थितीत एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर मिनिटाला सुमारे ५ लिटर. दिवसाचा हिशेब केला तर ठोके एक लाखाच्या घरात जातात.

येथे आपल्या शालेय पुस्तकांतील एका शब्दाविषयी बोलणे भाग आहे. पिढ्यान् पिढ्या आपण 'शुद्ध रक्त' आणि 'अशुद्ध रक्त' असे शिकवीत आलो. प्राणवायू कमी असलेले रक्त अशुद्ध नसते. त्यात घाण नसते. पण शब्दच चुकीचा असल्याने विद्यार्थिनी 'शुद्ध रक्त वाहते ती धमनी' असे पाठ करते आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीपाशी येऊन गोंधळते, कारण तिच्यात प्राणवायू कमी असलेले रक्त असते. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी वाहिनी आणि शीर म्हणजे हृदयाकडे आणणारी, एवढेच लक्षात ठेवले की गोंधळ संपतो. मराठी विश्वकोशात आणि जुन्या पुस्तकांत यांनाच 'रोहिणी' आणि 'नीला' अशी सुंदर नावे आढळतात.

हृदय आणि फुप्फुस हे एकाच वर्तुळाचे भाग आहेत, ही गोष्ट भोपाळकरांना पुस्तकातून शिकण्याची गरज पडू नये. १९८४ च्या डिसेंबरमधील २ आणि ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्याचा पहिला आघात डोळ्यांवर आणि फुप्फुसांवर झाला आणि हमीदिया रुग्णालयात त्या रात्रीपासून माणसांची रीघ लागली. जे वाचले त्यांतील अनेकांची फुप्फुसे कायमची दुखावली. दीर्घकाळ दुखावलेल्या फुप्फुसातून रक्त ढकलणे उजव्या निलयाला जड जाते. ते हळूहळू थकते, मग रक्त मागे तुंबते, पायांवर सूज येते, गळ्यावरची शीर फुगून दिसते. वायुपीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर उभ्या राहिलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात फुप्फुसरोगाबरोबर हृदयरोगाचाही विभाग ठेवला गेला, त्यामागे हाच शरीराचा न्याय आहे. सुजलेले पाय पाहून ज्या परिचारिकेला फुप्फुसांची आठवण होते, तिला हृदय समजले असे मी म्हणेन.

ठोका आणि विसावा

हृदयाला आकुंचन पावण्याचा आदेश मेंदूकडून येत नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तोच ठराविक अंतराने विजेचा सूक्ष्म संदेश निर्माण करतो. हा संदेश अलिंदांतून पसरतो, अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरील दुसऱ्या पुंजक्यापाशी क्षणभर थांबतो आणि मग निलयांत उतरतो. तो क्षणभराचा थांबा फार मोलाचा आहे. त्या अवधीत ओसरीतले रक्त घरात पोहोचते. या विजेचाच आलेख म्हणजे ईसीजी. मेंदूकडून येणाऱ्या नसा आणि रक्तातील अ‍ॅड्रिनलिन ही गती कमीअधिक करतात, पण मूळ ताल हृदयाचा स्वतःचा असतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे विसावा. सर्व शरीराला रक्त देणारे हृदय स्वतःच्या स्नायूसाठी लागणारे रक्त महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या धमन्यांतून घेते, आणि डाव्या निलयाच्या स्नायूला ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्याच्या काळात मिळते. ठोके फार जलद झाले की विसावा आखूड होतो. म्हणजे काम वाढले आणि जेवणाची सुट्टी कमी झाली. ज्याच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्याच्या छातीत अशा वेळी कळ येते. हे ध्यानात आले की हृदयाची निम्मी औषधे आपोआप उलगडतात.

औषधांचे व्याकरण

औषधांची नावे विद्यार्थिनींना मंत्रासारखी वाटतात. मी त्यांना म्हणत असे, "तुम्ही प्रत्यय शिकला आहात ना? मग घाबरू नका." जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या मध्यापासून औषधांना सर्व जगात चालणारी मूळ नावे देण्याची पद्धत घालून दिली आणि त्यांत एका कुळातील औषधांना बहुधा एकच प्रत्यय असतो. व्यापारी नाव कंपनीगणिक बदलते. मूळ नावाचा प्रत्यय बदलत नाही.

'लॉल' हा प्रत्यय पाहा : प्रोप्रानोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. ही औषधे हृदयावरचा अ‍ॅड्रिनलिनचा तगादा कमी करतात. गती मंदावते आणि विसावा वाढतो. ती देण्यापूर्वी नाडी आणि रक्तदाब पाहायचा, दम्याचा रुग्ण असल्यास विचारायचे, आणि रुग्णाला बजावायचे की ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. 'प्रिल' म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल. 'सार्टन' म्हणजे लोसार्टन, टेल्मिसार्टन. ही वाहिन्यांवरचा ताण उतरवून हृदयापुढचा भार हलका करतात. रक्तातील पोटॅशियम वाढू शकते आणि गरोदरपणात ती वर्ज्य आहेत. 'प्रिल'ने काहींना कोरडा खोकला येतो. 'सेमाइड' म्हणजे फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड. ही लघवीवाटे पाणी काढून टाकून तुंबलेला भार कमी करतात; म्हणून शक्यतो सकाळी द्यायची, रोज वजन पाहायचे आणि पोटॅशियम घसरत नाही ना याकडे लक्ष ठेवायचे. 'स्टॅटिन' म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करून धमन्या जपणारी औषधे.

प्रत्ययावरून कूळ कळते, पण व्यक्ती ओळखण्यासाठी पूर्ण नाव वाचावे लागते. डोपामिन आणि डोब्युटामिन यांच्या उच्चारात थोडेसेच अंतर आहे. कामात मात्र मोठे. फोनवरून सांगितलेले नाव अक्षर-अक्षर उच्चारून पुन्हा वाचून दाखविणे हा त्यावर जगभर मान्य झालेला उपाय आहे. आकड्यांचेही तसेच. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधी शून्य लिहून '०.५' असे लिहावे, नुसते '.५' लिहिले आणि तो टिंब पुसट झाला, तर मात्रा दहापट होते. व्याकरणात अनुस्वार विसरला तर अर्थ बदलतो. येथे टिंब विसरला तर प्राण जातो.

बिट्टीचे बी आणि एका मिनिटाची नाडी

एकच औषध जरा सविस्तर पाहू. आपल्या अंगणात, रस्त्याच्या कडेला पिवळी कण्हेर असते. मराठी मुलखात तिला बिट्टी म्हणतात. तिच्या फळातील बी विषारी आहे हे खेड्यातल्या आजीला ठाऊक असते. ते विष थेट हृदयावर काम करते : ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते, ताल बिघडतो आणि विजेचा संदेश वाटेतच अडतो. आश्चर्य असे की त्याच जातीचे द्रव्य योग्य मात्रेत औषध ठरते. युरोपातील फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांत ते सापडते. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने त्याचा कित्येक रुग्णांवरील अनुभव १७८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि ओकारी किंवा मंद नाडी दिसताच औषध थांबवावे, असा इशाराही त्यातच दिला. आजचे डिगॉक्सिन हे त्या घराण्यातले. ते आकुंचनाचा जोर वाढविते आणि सीमेवरच्या त्या पुंजक्यापाशी संदेशाला अधिक वेळ थांबविते, म्हणून ठोके कमी होतात.

आता 'का'ची उत्तरे आपोआप येतात. डिगॉक्सिन देण्यापूर्वी नाडी का मोजायची? कारण औषध गतीच कमी करते. प्रौढ रुग्णाची गती मिनिटाला ६० च्या खाली असेल तर गोळी हातात ठेवायची आणि डॉक्टरांना विचारायचे. पूर्ण एक मिनिट का? कारण ताल अनियमित असेल तर १५ सेकंदांची चौपट खोटी ठरते. मनगटावर न मोजता छातीवर नळी ठेवून का? कारण दुबळे ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. भूक मेली आहे का, मळमळते का, दिसणारे जग पिवळट तर वाटत नाही ना, हे का विचारायचे? कारण मात्रा जास्त होत असल्याच्या या खुणा आहेत. फ्युरोसेमाइड सोबत असेल तर अधिक सावध का? कारण पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनचे विष लवकर चढते. मूत्रपिंडे थकलेल्या वृद्धात मात्रा कमी का? कारण ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. एका गोळीमागे इतके 'का' आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर हृदयाच्या त्या साध्या आकृतीत आहे.

पोटॅशियमचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट निक्षून सांगते. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र इंजेक्शन सरळ शिरेत कधीही द्यायचे नसते. ते पातळ करून, यंत्राने मोजून, सावकाशच द्यायचे. हृदयाची वीज ज्या क्षारांच्या तोलावर चालते त्यांपैकी हा एक आहे. तो एकदम वाढला तर हृदय थांबते.

औषधाची परीक्षा नोंदींतून होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतही आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पूर्वीपासून परिचित होती. पण तिने रक्तदाब किती आणि कसा उतरतो हे रुग्णांच्या मोजमापांसह जगापुढे मांडले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ साली, ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात. त्यासाठी त्यांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि सर्पगंधा मागे पडली. पण खाटेपाशी ठेवलेल्या तक्त्याचे महत्त्व तिने शिकविले. तो तक्ता आजही परिचारिकाच भरते.

रुग्णाचे शब्द

आता माझ्या स्वतःच्या प्रांतात येते. रुग्ण पुस्तकातील लक्षणे सांगत नाही. तो आपल्या भाषेत बोलतो. मराठी माणूस म्हणतो, "छातीत धडधडतं", "छाती भरून आली", "दम लागतो". भोपाळचा रुग्ण म्हणतो, "घबराहट हो रही है". मराठी किंवा मल्याळी मुलगी याचा अर्थ 'भीती वाटते' असा घेते आणि धीर देऊन निघून जाते. पण या बोलीत घबराहट म्हणजे अनेकदा छातीतील अस्वस्थता, धडधड, गुदमर. तो भीतीचा शब्द असेलही. पण नाडी मोजल्याशिवाय ते ठरवायचे नसते.

दुसरा शब्द 'गॅस'. या शहरात त्याचे दोन अर्थ आहेत. एक १९८४ चा. दुसरा घरोघरीचा : जेवणानंतर छाती जड झाली, घाम आला, की माणूस म्हणतो, "गॅस झाला आहे", सोडा पितो आणि झोपतो. हृदयविकाराच्या झटक्यात धमनीत गुठळी अडकलेली असते आणि रक्त न मिळालेला स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. गुठळी विरघळविण्याचे किंवा धमनी उघडण्याचे उपाय आहेत, पण ते वेळेत व्हावे लागतात; म्हणून असा रुग्ण रुग्णालयात आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असा दंडक आहे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर कळ न येता नुसता थकवा, मळमळ किंवा दम एवढेच दिसू शकते. 'गॅस' या शब्दावर विश्वास ठेवून किती जण आपल्यातून गेले असतील, याचा विचार आपण प्रत्येकाने आपापल्या घराकडे पाहून करावा.

उत्तरे देतानाही भाषा लागते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी गिळायची नाही, बसूनच घ्यायची, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. वॉर्फरिन घेणाऱ्याने पालेभाजीचे प्रमाण एकदम बदलायचे नाही आणि हिरड्यांतून रक्त आले तर लगेच सांगायचे, हे रुग्णाला त्याच्या बोलीत कळले नाही तर चिठ्ठी कितीही अचूक असून व्यर्थ आहे.

विचारण्याचा अधिकार

रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखविली, तेव्हा समाज या कामाला हलके समजत होता. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि या व्यवसायाला प्रमाणित शिक्षणाचे अधिष्ठान मिळाले. तरीही "सांगितले तेवढे करावे" ही अपेक्षा पुरती गेलेली नाही. ज्या मुलीला नाडी ५२ का आहे आणि डिगॉक्सिन काय करते हे ठाऊक आहे, ती मध्यरात्रीही डॉक्टरांना नम्रपणे, पण ठामपणे म्हणू शकते : "सर, ही मात्रा देऊ का? नाडी ५२ आहे." हा एक प्रश्न एखाद्याचे प्राण वाचवितो. जिला ठाऊक नाही, ती आज्ञाधारकपणे गोळी देते आणि नोंद करते. दोघींच्या हस्ताक्षरात फरक नसतो. फरक रुग्णाच्या सकाळी दिसतो.

म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. आठवी-नववीच्या वर्गात हृदयाची आकृती शिकविताना तिच्या नावांचे अर्थही सांगावेत, 'अशुद्ध रक्त' हा शब्द फळ्यावरून पुसावा आणि प्रत्येक मुलामुलीला शेजाऱ्याची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला लावावी. आणि माजी विद्यार्थ्यांनो, घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची मूळ नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर सुवाच्य लिहून तो कागद रुग्णालयात जाताना सोबत ठेवावा. तो कागद परिचारिकेच्या हाती पडला की तिची शुश्रूषा तेथूनच सुरू होईल.